सरोजमॅडमची तपासणी

आमच्या शेजारच्या सरोजमॅडम दवाखान्यात गेल्या की नंबर लावत नाहीत, शेरेबुक मागतात. काउंटरवरची मुलगी बावचळून हाताला लागेल ते रजिस्टर पुढं करते आणि मॅडम त्यात लाल पेनानं लिहितात, ‘फलक आकर्षक. खुर्च्या पुरेशा. पेशंटकडे लक्ष कमी. सुधारणा व्हावी.’ खाली झोकदार सही.

मॅडम शाळांच्या केंद्रप्रमुख होत्या. निवृत्त झाल्या तरी तपासणी सुटली नाही. वर्षभरापासून त्यांनी धाराशिवमधले, पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांवर उपचार करणारे दवाखाने धरलेत. बाईचं सगळं ऐकून घेणारा एक तरी डॉक्टर त्यांना हवा होता. कुणासाठी, ते सांगत नव्हत्या. ‘हाय एकजण,’ एवढंच. मी पंचायत समितीतला निवृत्त कारकून, माझ्याकडं जुनी चारचाकी, म्हणून ड्रायव्हर मी.

चौकात एक फ्लेक्स होता. बर्फाच्या डोंगरावर हात पसरून उभी गोरी बाई, खाली ‘पाळी गेली? पंचविशी परत आणा!’ मॅडम भर उन्हात तो दोनदा वाचून म्हणाल्या, "पंचविशीत मी ढोकीच्या पलीकडं रोज चार मैल चालत शाळेला जायची. ती कशाला परत पाहिजे?"

त्याच लोकांचं मंगल कार्यालयात महाशिबिर होतं. तपासणीत अधिकारी मागच्या बाकावर बसतो, हा मॅडमचा नियम. त्यामुळं पेशंट म्हणून पुढं मला बसवलं. डॉक्टरांनी मान वर केलीच नाही. पाळी कधी बंद झाली, विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की मुळात सुरूच झाली नव्हती. त्यांनी ‘बंद’ लिहिलं. अंगातून वाफा निघतात का? मे महिना होता, मी हो म्हणालो. मला तीन महिन्यांचं ‘नवयौवन पॅकेज’ लिहून मिळालं, वर गुलाबाचं फूल. माझ्या मिशा तिथं कुणालाच दिसल्या नाहीत. घरी बायकोनं फाइल वाचली आणि दोन दिवस मला जड काही उचलू दिलं नाही.

शेवटी परंड्याला एक साधा दवाखाना सापडला. डॉक्टरीणबाईंनी मला बघताच बाहेर बसायला सांगितलं. इथंच त्या निम्म्या पास झाल्या. मॅडम तासाभरानं बाहेर आल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचे फायदे आणि धोके दोन्ही सांगितले, म्हणाल्या, आणि बोलणं मध्येच तोडलं नाही. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, गाडी वाशीकडं घ्या."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. वाशी तालुक्यातल्या एका शाळेत विमलबाई नावाच्या शिक्षिका होत्या. बारा वर्षांपूर्वी मॅडम तपासणीला गेल्या तेव्हा विमलबाई टेबलावर डोकं टेकून बसलेल्या, पदर घामानं भिजलेला. अंगाची आग होते, रात्र रात्र झोप नाही, असं त्यांनी सांगून पाहिलं. मॅडमनी कारणं सांगू नका म्हटलं आणि ‘आळशी व चिडखोर’ असा शेरा मारला. वर्षाच्या आत विमलबाईंनी नोकरी सोडली. "मला सुरू झालं तवा कळलं," मॅडम म्हणाल्या.

विमलबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. मॅडमनी अंगणातूनच हात जोडले. "विमलबाई, तवा माझं चुकलं. चांगली डॉक्टर बघून आलेय. चला, मी येते सोबत."

विमलबाईंचे हात थांबले. "माझं समदं सरलं ओ मॅडम. लई वर्सं झाली. तवा कुणी ऐकाय पायजे व्हतं."

अख्ख्या केंद्रातल्या मास्तरांना घाम फोडणारी ही बाई दारात उभी राहून रडली.

विमलबाईंनी सूप बाजूला सारलं आणि चटईवर सरकून जागा केली.

"बसा हितं," त्या म्हणाल्या. "तुमचं सरलं का, का अजून चालूच हाय?"

मॅडम बसल्या. अजून चालूच आहे, म्हणाल्या, आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.