नरहरअण्णांच्या पोटातला निषाद

आमच्या शेजारच्या नरहरअण्णांच्या तोंडात कायम काहीतरी असतं, आणि ते खाण्याचं कधीच नसतं.

अण्णा पेटी दुरुस्त करतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. धारवाडात हे सांगावं लागत नाही, पण एखादा बाहेरगावचा वाचक ट्रंक समजून बसेल म्हणून सांगितलं. मळमड्डीत त्यांची आणि आमची एक भिंत सामाईक आहे. बाहेरच्या खोलीत चार-पाच पेट्या पोट उघडून पडलेल्या असतात, मध्ये अण्णा मांडी घालून बसलेले असतात, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात दोन स्क्रू, जिभेखाली एखादी स्प्रिंग आणि दातांत पेन्सिल असा सगळा संसार असतो. "खिशाला भोक पडतं हो टीचर, तोंडाला पडत नाही," हे त्यांचं तत्त्वज्ञान. हे वाक्य मला पूर्ण कळायला दोन वर्षं लागली, कारण तेही ते स्क्रूंच्या फटीतूनच बोलले होते.

मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. अस्पष्ट बोलणारा मनुष्य दिसला की त्याला बाकावर उभं करावंसं वाटतं. पण अण्णांपुढे माझं काही चाललं नाही. तोंडात ऐवज असल्यामुळे त्यांची व्यंजनं आतच राहतात. 'उ-आ अ-ओ' म्हणजे 'उद्या करतो'. हे त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य. एकदा विद्यानगरचे एक गवई आपली भारी पेटी घेऊन आले आणि कधी मिळेल म्हणून विचारू लागले. अण्णांनी एकेक स्क्रू तोंडातून काढून बशीत मांडला, स्प्रिंग काढली, पेन्सिल काढली, आणि एवढी तयारी करून म्हणाले, "उद्या."

बसमध्ये तिकीटही तोंडातच. तिकीट तपासायला माणूस चढला तेव्हा अण्णांनी जे बाहेर काढलं, त्यावर हुबळी होतं की हावेरी, हे कोणालाच सांगता येईना. दंड भरून घरी आले आणि म्हणाले, "कागदच हलका वापरतात हो हल्ली."

पूर्वी त्यांचं बोलणं इतरांना समजावून सांगायचं काम त्यांच्या बायकोकडे, इंदूअक्कांकडे होतं. गेल्या वर्षी इंदूअक्का गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून दूधवाला, पोस्टमन आणि गिऱ्हाइकं माझ्याच दारात येऊन विचारू लागली, "टीचर, अण्णा काय म्हणाले?" पगाराविना नोकरीच लागली मला.

तर गेले चार महिने भिंतीपलीकडून एकच सूर ऐकू येत होता. पेटीत प्रत्येक पट्टीमागे पितळेचा एक छोटा चौकोनी तुकडा असतो आणि त्यावर कागदासारखी पातळ पत्ती. हवा लागली की ती थरथरते आणि आवाज निघतो. त्या तुकड्यालाच हे लोक सूर म्हणतात, आणि हा होता निषाद, सप्तकातला 'नी'. अण्णा पत्तीवर कानसीनं दोन घासे मारायचे, सूर ओठांत धरून फुंकायचे, पुन्हा घासायचे, पुन्हा फुंकायचे. रोज सकाळी, माझ्या पेपर वाचायच्या वेळी. चार महिने मी सोसलं. शेवटी एका मंगळवारी तडक त्यांच्या खोलीत गेले आणि पाठीमागूनच म्हटलं, "अण्णा, आहे तरी कोणाचा हा सूर?"

अण्णा वळले. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडून श्वास आत घेतला, आणि उत्तराऐवजी नुसतंच 'गटक्' झालं.

मग अण्णा अगदी स्वच्छ म्हणाले, "टीचर, निषाद गेला."

गल्लीतल्या डॉक्टरांनी फोटो काढला. पोटाच्या जागी एक लहानसा चौकोन, त्याला स्क्रूची दोन भोकं, सगळं लख्ख दिसत होतं. "आणि शेजारी हा स्क्रू कसला?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो कालचा असेल," अण्णा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, स्क्रू बोथट आहे, तो जाईल आपोआप. या चौकोनाचे कोपरे मात्र धारदार आहेत. अजून जठरातच आहे, पण पुढे सरकून आतड्यात रुतला तर पोट फाडावं लागेल. आजच्या आज हुबळीला जा, दुर्बिणीनं काढतील. अण्णांच्या मनात एवढं सगळं ऐकून एकच गोष्ट राहिली. "आपोआप नको हो डॉक्टर. त्या वाटेनं आलेला सूर मी पेटीत बसवणार नाही."

मी रिक्षा केली ती थेट हुबळीच्या विद्यानगरातल्या दवाखान्यापर्यंत. वाटेत प्रत्येक खड्ड्याला अण्णा पोटावर हात ठेवायचे आणि रिक्षावाल्याला सांगायचे, "सावकाश की हो, वाकेल." रिक्षावाल्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मला तरी खात्री कुठे होती?

तिथले पोटाचे डॉक्टर वयानं माझ्या विद्यार्थ्याएवढे होते. अण्णांनी आठ वाजता चहा घेतला होता, तेव्हा पोट रिकामं व्हायला दोनपर्यंत थांबा म्हणाले. अण्णांनी लगेच त्यांची हत्यारं बघायला मागितली. कारागिरानं कारागिराला मागावीत तशीच. डॉक्टरही भले. बोटाएवढी काळी लवचीक नळी, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा, आतून जाणारा तारेचा बारीक चिमटा, आणि वर येताना अन्ननलिकेला ओरखडा पडू नये म्हणून टोकाला लावायची रबरी टोपी, सगळं दाखवलं. "नीट दिसावं म्हणून आधी पोटात हवा भरतो," ते म्हणाले.

"म्हणजे भाता आहे की," अण्णा खूश होऊन म्हणाले. "पण पत्तीला धरू नका बरं. खालच्या पितळेला धरा. पत्ती वाकली की सूर मेला."

मग सिस्टर आल्या. "बायी तेगीरी, अज्जा," म्हणत त्यांनी अण्णांना तोंड उघडायला लावलं आणि जिभेखालून आणखी एक स्क्रू काढला. माझ्याकडे असं बघितलं, जणू काही तो मीच ठेवला होता. आता तपासणी होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा नाही, असं बजावून त्या गेल्या.

आम्ही बाकावर बसलो. इतक्या वर्षांत इतका वेळ रिकाम्या तोंडाचे अण्णा मी प्रथमच बघत होते. त्यांना काय करावं सुचेना. ओठ चाचपून बघत होते. मग आपणहून बोलायला लागले. आवाज चांगला होता, खालच्या पट्टीतला, मऊ. मला तो माहीतच नव्हता.

"तुम्ही विचारलात ना, सूर कोणाचा. इंदूच्या पेटीचा. लग्नात तिच्या अप्पांनी दिलेली, एकेरी सुरांची लहान पेटी. तेवीस वर्षं झाली, तिचा एक निषाद मोडला. ती म्हटली, तेवढा बसवून द्या. मी म्हटलो, उद्या करतो. लोकांच्या पेट्या असायच्या की दारात. दर दिवाळीला ती विचारायची. मग विचारायचीच सोडली."

मला एकदम भिंतीपलीकडचे गुरुवार आठवले. दर गुरुवारी संध्याकाळी इंदूअक्का पेटीवर एकच भजन म्हणायच्या. एका ओळीत ठरलेल्या जागी त्यांचा आवाज एकदम चढायचा, थोडा फाटायचाही. मला वाटायचं, बाईंची भक्ती दाटून येते. तसं मी अण्णांना सांगितलं.

"भक्ती नव्हे हो. त्या जागी पेटी गप्प बसायची. म्हणून ती तेवढा स्वर गळ्यानं भरून काढायची. बावीस वर्षं." अण्णा आपल्या हातांकडे बघत होते. "तशी पेटी आता कोणी करत नाही. एका मोडीतल्या पेटीत हा सूर मिळाला. चार महिने घासलो, तेव्हा तिच्या पेटीला जुळला. परवा तिचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी बसवायचा म्हटलो होतो."

दुसऱ्याच्या घरातल्या सुराला मी सकाळच्या पेपरापायी त्रासले होते, याची मला लाज वाटली. मी त्यांचा हात धरला. शेजारच्या पेशंटानं आम्हाला नवरा-बायको ठरवलं असेल. ठरवू दे.

दोन वाजता त्यांना आत घेतलं. भूल नको म्हणाले, सूर येताना बघायचा होता. घशात बधिर करायचा फवारा मारला, डाव्या कुशीवर झोपवलं आणि दातांत प्लॅस्टिकचं कडं दिलं. तोंडात काहीतरी आल्याबरोबर अण्णांचा जीव भांड्यात पडला. मला डॉक्टरांनी दाराशी उभं केलं. "नुंगरी, अज्जा, नुंगरी," सिस्टर म्हणाल्या, आणि गिळण्यात तरबेज असलेले अण्णा नळी गिळून मोकळे झाले.

पडद्यावर जठर आलं. फळ्यावर मी ते शेकडो वेळा काढलंय, पांढऱ्या खडूनं, पखालीसारखं. ते इतकं गुलाबी, ओलं आणि घड्यांचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हवा भरली तशा घड्या उलगडल्या आणि तळाशी पितळ चमकलं. निषाद. डॉक्टरांनी चिमटा पुढे केला, धरला, तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा चिमटा वेगळ्या बाजूनं आला, आणि अण्णा कड्यातून ओरडू लागले, "अ-ई-आ अ-ओ! अ-ई-आ अ-ओ!"

"दुखतंय का?" डॉक्टर थबकले.

"दुखत नाही," मी दारातून म्हटलं. "पत्तीला नको म्हणतायत. उलटा धरताय तुम्ही. दोन भोकं दिसतायत ना, त्या बाजूला धरा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि भोकांच्या बाजूला धरला. रबरी टोपीत ओढून घेतला आणि नळीबरोबर अलगद वर आणला. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नळीनं सगळ्यांच्याच येतं, सिस्टर म्हणाल्या.

जाता जाता डॉक्टरांना पोटात एक जखमही दिसली होती. तिचा कणभर तुकडा त्यांनी तपासणीला घेतला. "अज्जा, जळजळ किती दिवस होती? जेवता की नाही वेळेवर?"

"जेवतो की," अण्णा म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं, तशी त्यांनी मान खाली घातली. एकट्यासाठी कोण चूल पेटवतो, चहावरच भागतं, असं मग रिक्षात कबूल केलं. गोळ्या महिनाभराच्या आहेत आणि दोन वेळची भाकरी माझ्याकडची. यावर मी चर्चा होऊ दिली नाही.

सूर धुऊन, पुसून डॉक्टरांनी अण्णांच्या नव्हे, माझ्या हातात दिला. अण्णा कासावीस झाले. "वाजतोय का बघा की." पण त्यांचे ओठ बधिर, आणि तोंडात काही घालायला बंदी. शेवटी मी, तीस वर्षं मुलांना स्वच्छतेचे धडे दिलेली बाई, त्या सगळ्यांसमोर तो सूर ओठांत धरून फुंकला. वाजला. अण्णांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "आहे. जागेवर आहे."

गुरुवारी श्राद्धाची पानं उठली, भटजी गेले, आणि संध्याकाळी अण्णांनी मला हाक मारली. इंदूअक्कांची पेटी मांडून बसले होते. निषाद बसवला होता. त्यांनी ते भजन वाजवायला घेतलं. ती ओळ आली, ती जागा आली, आणि निषाद लागला. स्वच्छ, भरीव, कुठे खरखर नाही.

अण्णा थांबले. तीच ओळ पुन्हा वाजवली. पुन्हा तसाच लागला.

"बरोबर लागतोय की, अण्णा," मी म्हटलं.

"लागतोय," ते म्हणाले. "पण ती जागा तिची होती हो, टीचर. मी तिथं पितळ बसवलो."

मग त्यांनी पेटी उघडली, स्क्रू सोडवले आणि सूर काढून माझ्या तळहातावर ठेवला. झाकण लावून भजन पुन्हा धरलं. ती जागा आली तेव्हा पट्टी दाबली गेली, पण नुसती भात्याची हवा वाजली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अण्णांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी तेवढ्यापुरते डोळे मिटले, मान हलवली, "वा" म्हणाले, आणि पुढची ओळ धरली.