एकाच आवाजाच्या घंटा

"ऐक गो, ही ऐक. आता ही ऐक." गोमाजीनं उजव्या हातातली लाकडी घंटा हलवली, मग डाव्या हातातली. "काय फरक वाटला?"

सोनाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोनी टकटक वाजतायत."

"तेच तर!" गोमाजी खूश झाला. "फरकच नाय. चाळीसच्या चाळीस एका आवाजाच्या. कंपनीत असा माल निघाला असता तर साहेबानं पेढे वाटले असते."

गोमाजीनं महाडच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं नोकरी केली होती, औषधांच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात. समोरून सरकणाऱ्या गोळ्यांत एखादी जाड, बारीक, टवका उडालेली दिसली की उचलून बाजूला टाकायची, एवढंच काम. निवृत्त होऊन तो कुडपणच्या पठारावरच्या आपल्या अकरा घरांच्या वाडीत परत आला, तेव्हा बाजूला टाकायला काहीच उरलं नव्हतं. पहिले दोन महिने त्यानं सोनाबाईच्या भाकऱ्या तपासल्या. तिसऱ्या महिन्यात तिनं माळ्यावरून सासऱ्याची सुतारकामाची हत्यारं, वाकस, पटाशी आणि कानस, खाली काढली, पुढ्यात ठेवली आणि सांगितलं, "काय पन बनवा. पन चुलीपाशी येव नका."

आधी त्यानं आमटीचे लाकडी डाव केले, मग पोळपाट केले, आणि शेवटी गुरांच्या गळ्यातल्या घंटांवर त्याचा हात बसला. शिवणीचं लाकूड, आत कोरून पोकळ केलेलं, दोन लोलक, वर दावं ओवायला भोक. पुतण्या सुनीलनं मोबाइलवर आवाज मोजायचं काहीतरी उतरवून दिलं होतं. प्रत्येक घंटा त्या मोबाइलसमोर वाजायची आणि पडद्यावरचा आकडा थोडा जरी हलला तरी ती चुलीत जायची. पास झालेली घंटा तो फुकट वाटायचा. चहाला आलेला माणूस घंटा घेतल्याशिवाय परत जात नसे. काही माणसं म्हणून चहाला यायची, आणि काही म्हणूनच यायची थांबली होती.

दिलेली वस्तू फळीवर ठेवून देण्याचीही सोय नव्हती. गोमाजी रोज सकाळी वाडीतून फेरी मारायचा आणि वाकून गोठ्यात डोकावायचा. एकतीस वर्षांची सवय. "नाथूदादा, तुझ्या पाड्याच्या गळ्यात आपली घंटा दिसत नाय ती?" असं विचारल्यावर नाथू काय सांगणार? मुकाट्यानं जुनी सोडायचा, नवी बांधायचा. मग जुन्या काशाच्या घंटांचं करायचं काय? गणपतीच्या आधी पोलादपूरची भांडीवाली आली, तिनं त्या सगळ्या घेतल्या आणि घरटी एकेक स्टीलचा डबा दिला. बायका खूश झाल्या. डबे एकसारखे होते, म्हणून गोमाजीही खूश झाला.

सोनाबाईला तेवढं एक खटकलं होतं. ती लग्न होऊन वाडीत आली, त्या पावसाळ्यात सासूनं तिला पठारावर नेऊन धुक्यात उभं केलं होतं. "हितं डोलं काय कामाचं नायत. कानानं वलख." ठण ठण करणारी ती खोताच्या बैलाची. कुत्रं खोकल्यासारखी ती नाथूच्या बापाच्या म्हशीची. आणि रडक्या पोरासारखी मध्येच थांबून वाजणारी आपली. आठ दिवसांत सोनाबाईला सगळी वाडी कानानं पाठ झाली होती. त्यातलं आता एकही घर वाजत नव्हतं. पण नवऱ्याचे हात कामात होते आणि भाकऱ्या सुटल्या होत्या, म्हणून ती गप्प राहिली.

गणपती गेले आणि पठारावर असं धुकं बसलं की हातातल्या काठीचं दुसरं टोक दिसेना. रोजच्यासारखी गुरं सकाळी वर गेली. संध्याकाळी माणसं आणायला गेली आणि सगळीकडून एकच आवाज आला. टकटक, टकटक. डावीकडून टकटक, उजवीकडून टकटक. नाथू आपला बैल समजून हाकत आला ती सुनीलची म्हैस निघाली. सुनीलच्या दावणीला तिसऱ्याचीच वासरं. रात्रीचं जेवण होईपर्यंत वाडीत गुरांची देवघेव चालली होती.

"गोमा, तुझ्या घंटा लय भारी," नाथू म्हणाला. "आमच्या म्हातारीनं माझ्याच बैलाला इचारलान, कुनाचा रं तू?"

गोमाजीला त्यात टोमणा ऐकू आला नाही. "माल चांगला हाय," तो म्हणाला. "वापरनाऱ्याला ट्रेनिंग पायजे."

तिसऱ्या दिवशी मात्र देवघेव संपली, सगळ्यांची गुरं जागच्या जागी गेली, आणि सोनाबाईच्या गोठ्यात एक खुंटा रिकामा राहिला. मैना आली नव्हती.

मैना तिची तांबूस गाय. पहिलटकरीण, आज-उद्यावर आलेली. चार वर्षांपूर्वी शेजारच्या धोंडूबाईनं आपल्या गोठ्यात जन्मलेली पाडी सोनाबाईच्या ओटीत घातल्यासारखी दिली होती, तीच ही. पठाराच्या पश्चिमेला सरळ तुटलेला कडा होता, आणि गेल्या आठवड्यात पाणवठ्यावर बिबट्याची पावलं दिसली होती. सोनाबाई अंधार पडेपर्यंत आवाजामागून आवाज धुंडाळत फिरली. प्रत्येक टकटकीच्या टोकाला दुसऱ्याचंच जनावर होतं. घरी येऊन तिनं नवऱ्याला वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही. भाकरी एका बाजूनं करपली होती. गोमाजीनं ती न तपासता खाल्ली.

सकाळी दहाच्या सुमाराला धोंडूबाईची सून वैशाली ताटलीत दोन वड्या घेऊन दारात आली. ती नालासोपाऱ्याची. धोंडूबाईचं महाडला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून पंधरा दिवस ओट्यावर बसून राहायचं, गोठ्याकडे फिरकायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून मुलगा अनिल बायकोला मदतीला ठेवून गेला होता.

"काकी, खरवस! आमची रतन पहाटे व्यायली ना! पाडी झाली, एकदम क्यूट. मी तर टेन्शनमध्ये होते, यूट्यूब लावायला गेले तर नेटवर्कच नाही. पण तिनं सगळं स्वतःच मॅनेज केलं. आई ओट्यावरून ओरडून सांगत होत्या, मी करत होते."

"बरा झाला गो," सोनाबाई म्हणाली. दुसऱ्याच्या गोठ्यात पाडी बागडत होती आणि आपली कुठल्या खळग्यात पडली असेल कुणास ठाऊक.

"मैना नाही मिळाली का अजून?"

"नाय."

"मिळेल हो काकी. वड्या गरम आहेत, खाऊन घ्या. सगळ्या घरांत वाटल्या मी."

सोनाबाईनं ताटली बाजूला सारली. गोमाजीनं आपली वडी खाल्ली, थोडा वेळ थांबला, आणि मग तिचीही खाल्ली.

"चव कशी हाय, इचारू नका मला," सोनाबाई म्हणाली. कालपासून नवऱ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य होतं.

"मी कुठं इचारला?" गोमाजी म्हणाला. मग न राहवून म्हणाला, "पन झालाय चांगला."

ती उठली ती थेट नाथूच्या अंगणात गेली. "नाथूभावजी, आज कुनी गुरा सोडू नका. सगल्यांची घरात ठेवा. मग वर जी वाजल, ती माझी मैना."

नाथूनं टाळूवरून हात फिरवला. "म्हंजे गवत कापून आनायचा?"

"यांनी वाटलेल्या घंटांना तुमी काय पैसं मोजलंत काय? फुकटच घेतलंत ना?"

नाथूनं विळा उचलला. वाडीतल्या साऱ्या गुरांना सुट्टी मिळाली.

दुपारी सोनाबाई आणि गोमाजी पठारावर चढले. वर गेल्यावर तिनं नवऱ्याला कड्याच्या बाजूला पाठवलं आणि आपण पाणवठ्याकडे वळली. धुकं तसंच होतं, पण आज ते गप्प होतं. सोनाबाई कानात प्राण आणून चालत राहिली. आणि पाव तासानं तिला ऐकू आलं. टकटक, टकटक.

"मैने! ये गो बाय!" ती धावत सुटली. आवाज थोडा पुढं सरकला. ती घसरली, उठली, लुगडं खोचून पुन्हा धावली. आवाज उजवीकडे गेला. ती उजवीकडे. काटेरी झुडपानं पदर धरला, तो तिनं फाडून सोडवला. आता आवाज अगदी समोर, चार पावलांवर. तिनं दोन्ही हात पसरले आणि जनावराला मिठी मारली.

"अगो सोड, सोड! मी हाय!" गोमाजी ओरडला.

त्याच्या हातात घंटा होती.

"ह्यो काय परकार?"

"मी वाजवत व्हतो. म्हटला मैनेला वलखीचा आवाज आला तर येल जवल."

सोनाबाईनं ती घंटा त्याच्या हातातून घेतली आणि धुक्यात जमेल तितक्या लांब भिरकावली. ती पडल्याचाही आवाज आला नाही. मग अगदी खालून, करवंदीच्या जाळीकडून पुन्हा आलं, टकटक. सोनाबाईनं आधी नवऱ्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते.

जाळीत तांबूस गाय उभी होती. चिंब भिजलेली, पोट तट्ट भरलेलं. सोनाबाईनं तिच्या गळ्यात पडून रडून घेतलं. गोमाजीनं पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "अजून व्यायची हाय. टायमात मिलाली." देवाला नारळ कबूल झाला. गाईला पुढं घालून दोघं हळूहळू उतरू लागले. बायको पुन्हा बोलायला लागली होती, आणि गोमाजी सांगत होता की बघ, शेवटी घंटेनंच शोधून दिली.

वाडीच्या वर धुकं थोडं विरळ असतं. तिथं आल्यावर सोनाबाईची नजर गाईच्या शिंगांवर गेली. डावं शिंग आत वळलेलं होतं. ती थांबली. गाय थांबली. गोमाजी गाईवर आदळला.

"काय झाला?"

"ही मैना नाय."

"मंग कोन?"

"रतन."

"रतन कशी असल? रतन पहाटं व्यायली. मी खरवस खाल्लाय."

सोनाबाई गाईच्या पोटाकडे बघत राहिली, मग नवऱ्याच्या पोटाकडे.

धोंडूबाई काळा चष्मा लावून ओट्यावर बसली होती. पावलं ऐकून म्हणाली, "कोन गो? सोना काय? घावली काय मैना?"

"वयनी, तुमची रतन आनलीय."

"माजी रतन गोठ्यात हाय. तुला खरवस नाय धाडला काय?"

"धाडलात. पन ही बघा, ही हितं हाय."

"मला बघू नको म्हनलाय डागदरनं," धोंडूबाई म्हणाली. "वैशाले! आपली रतन किती हायत गो?"

वैशाली बाहेर आली, गाय पाहिली आणि पदराला हात पुसत उभी राहिली. "आई, काल संध्याकाळी धुक्यात मला आपली घंटा ऐकू आली. मी हाक मारली तर ती लगेच आली, सरळ गोठ्यात शिरून कोपऱ्यातल्या जागेवर उभी राहिली. मला वाटलं, एवढं घर माहीत आहे म्हणजे आपलीच असणार."

"माहीत असलच," सोनाबाई म्हणाली. "जन्मलीच ना ती तुमच्या कोपऱ्यात."

ती गोठ्यात गेली. कोपऱ्यात मैना आपल्या पाडीला चाटत होती. तिनं मान वळवून सोनाबाईकडे पाहिलं, हंबरली, आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. पाडीच्या कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका होता. सोनाबाई शेणात तशीच फतकल मारून बसली आणि तिनं पाडीला मांडीवर ओढलं.

बाहेर मोठं अवघड प्रकरण सुरू झालं होतं. गाय परत देता येत होती, पाडी परत देता येत होती, पण खरवस अकरा घरांच्या पोटात गेला होता. शिवाय खरवसाची ताटली कुणी रिकामी परत देत नाही. कुणी मूठभर तांदूळ घातले होते, कुणी गूळ, नाथूच्या म्हातारीनं दोन काकड्या. पहिलटकरणीच्या पहिल्या चिकाचा सगळा मान धोंडूबाईच्या घरी जमा झाला होता.

"माजी मान खाली गेली," धोंडूबाई म्हणाली.

"आई, मान खाली घालू नका, डॉक्टरनी सांगितलंय," वैशाली म्हणाली.

शेवटी धोंडूबाईनंच निवाडा केला. तांदूळ, गूळ आणि काकड्या त्याच संध्याकाळी सोनाबाईकडे गेल्या. आणि चार दिवसांनी रतन व्यायली, तेव्हा वैशालीनं तिच्या चिकाचा खरवस करून पुन्हा सगळी घरं घेतली. प्रत्येक दारात तिला म्हणावं लागलं, "हा आमच्या रतनचा आहे, पण सोनाकाकीच्या मैनेचा म्हणून खायचा. आधी मैनेचा खाल्लात ना, तो रतनचा समजा." नाथूनं हे तिला तीनदा सांगायला लावलं आणि तिन्ही वेळा एकेक वडी उचलली.

घंटा परत करायची सोय नव्हतीच. लोकांनी त्या गुरांच्या गळ्यातून सोडून दारांना टांगल्या. आता कुणाकडेही पाहुणा आला की अकरा घरांतली माणसं दार उघडतात. गोमाजीला हा वापर पसंत पडला. गुरांसाठी मात्र त्यानं नव्या करायला घेतल्या, प्रत्येक वेगळ्या आवाजाची. मोबाइलवरचा आकडा जुळला की घंटा चुलीत.

रतनचा खरवस वाटता वाटता वैशाली शेवटी सोनाबाईच्या दारात आली होती. ताटलीत चार वड्या होत्या, वेलची घातलेल्या. सोनाबाईनं तोंडात एक तुकडा टाकला आणि डोळे मिटले.

"कसा झालाय, काकी?"

"हाय बरा," सोनाबाई म्हणाली. "पन आमच्या मैनेच्या खरवसाची सर नाय. तो काय झाला व्हता गो! तोंडात टाकला की इरघलत व्हता."

गोमाजीनं बायकोकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडलं, मग विचार करून मिटलं, आणि आपली वडी उचलून तिच्या ताटलीत ठेवली.