वजीरसाहेबांचा गूळ

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, तिकिटात मालकांनी आम्हा धुरकऱ्यांना फसवलं, आणि आम्ही त्यांच्यावर जिंकायच्या बेतात होतो तेव्हा नत्थूने फसवलं. मी दोघांनाही माफ केलेलं नाही.

हा नत्थू बैलांना 'अहो' म्हणायचा आणि माणसांना 'अबे'. बैलमालक अण्णासाहेबांच्या जोडीचा तो धुरकरी; पटात छकड्यावर उभा राहून जोडी हाकायचा आणि एरवी गोठ्यात झोपायचा. सकाळी गोठ्यातून आवाज यायचा, "उठा जी वजीरसाहेब, दिवाणसाहेब केव्हाचे उठले." मग चहाच्या टपरीवर येऊन मला म्हणायचा, "सरक बे पांड्या, जनावरासारखा काऊन पसरला?" खुद्द अण्णासाहेबांनाही तो 'काऊन बे अण्णा' म्हणे. जोडी दरवर्षी पहिली यायची, म्हणून अण्णासाहेब हसून घ्यायचे.

त्याच्या अंगातल्या बंडीच्या खिशात बैलांसाठी गुळाचा खडा कायम. एकदा तापाने फणफणलो असताना मी तो मागितला. "तू काय पटात धावतं बे?" म्हणाला.

त्या काळात मालकांनी मैदानाभोवती तट्टे बांधून तिकीट लावलं. गल्ला त्यांचा, बक्षीस त्यांचं. हातपाय मोडून घेणाऱ्या आम्हाला एक शेला आणि पंगतीतलं जेवण. आणीबाणी उठली त्या हिवाळ्यात मी सगळ्या धुरकऱ्यांना गोळा केलं. गल्ल्याचा चौथा हिस्सा मिळाल्याशिवाय कोणी छकड्यावर चढायचं नाही. सगळ्यांनी आपापल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. नत्थूने तर आधी वजीरसाहेबांची परवानगी मागितली.

पटाच्या दिवशी आम्ही तट्ट्याला टेकून बसलो. मैदान गच्च भरलेलं. लोक आधी शिट्ट्या मारत होते, मग तिकिटाचे पैसे परत मागू लागले. अण्णासाहेब तीनदा माझ्याकडे आले. आधी दोन शेले देतो म्हणाले, मग दहावा हिस्सा, मग आठवा. मी पानाला चुना लावत बसलो होतो. चौथा हिस्सा त्यांच्या ओठांवर आला होता, मी पाहिला.

तेवढ्यात त्यांची नजर नत्थूकडे गेली. माणूस हुशार. त्यांनी आपल्या भाच्याला नत्थूच्या जोडीवर चढवलं आणि त्याच्या हातात टोकाला खिळा ठोकलेली काठी दिली. नत्थूने त्या जोडीला कधी काठी लावली नव्हती; नुसतं 'चला जी' म्हटलं की ती सुटायची. भाचा ओरडला, बैल हलले नाहीत. त्याने खिळा टोचला. दिवाणसाहेबांच्या पाठीवरून रक्ताची रेघ उतरली.

"नत्थ्या, बस खाली!" मी ओरडलो.

तो बसला नाही. धावत गेला, भाच्याला खाली ओढला आणि कासरा हातात घेतला. जोडी वाऱ्यासारखी सुटली. टाळ्या पडल्या. ते पाहून एकेक धुरकरी मान खाली घालून आपल्या छकड्याकडे गेला. अण्णासाहेब मला म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू."

मी नत्थूला सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या.

"मंग मारजो बे," तो म्हणाला. "आधी हळद आन. साहेबायले लागलं हाये."

पुढच्या वर्षी पटात जोडीचा दुसरा नंबर आला आणि अण्णासाहेबांनी ती आष्टीच्या बाजारात विकायला काढली. मी तिथे होतो. आयुष्यात पहिल्यांदा नत्थू एका माणसासमोर हात जोडून उभा होता. "मालक, इकू नोका जी. मी पोसतो जी त्याइले." अण्णासाहेब तेव्हाही हसले. गिऱ्हाईक कोण होतं, जोडी कुठे नेली, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही.

आता देवळीत माझी भाजीची अडत आहे. नत्थू तिथे पोत्यावर बसून असतो. मी त्याच्याशी बोलत नाही, चहा पाठवतो. बाहेर बैलबंडी थांबली की तो उठतो, बैलांची तोंडं निरखून पाहतो आणि परत येऊन बसतो. खिशातल्या गुळाला मुंग्या लागलेल्या असतात.

अण्णासाहेब, चौथा हिस्सा बुडाला, त्याचा जाब मी माझा मागेन. पण तुम्ही एकदा माझ्या अडतीवर या. या पोत्यासमोर उभे राहा आणि ती जोडी कोणाला विकली ते याला सांगा.