गोलकीपर फिलिपचा पगार

मर्विनच्या संघात खेळाडू अकरा होते आणि तिजोरीत पगार दहांचाच होता. संघ खरा नव्हता. मोबाइलवरच्या हॉकीच्या एका गेममध्ये मर्विन मॅनेजर होता. सामने आपोआप व्हायचे, याने फक्त खेळाडूंचे पगार भागवायचे. आठवडाभर अंधेरीतल्या कंपनीत लोकांचे पगार काढणारा हा माणूस रविवारी मरोळ गावठाणातल्या घराच्या ओट्यावर बसून हौसेने पुन्हा तेच करायचा. अशा माणसाला काय बोलणार?

स्वस्तातल्या खेळाडूंना नावं नव्हती, ती मॅनेजरनेच द्यायची होती. मर्विनने घरातलीच वाटून टाकली. स्वतः सेंटर फॉरवर्ड, बायको जोसेफीन बचावाला आणि गोलात वडील, फिलिप. फिलिप तरुणपणी चर्चच्या संघात खराखुरा गोलकीपर होता, म्हणून प्रेमापोटी सगळ्यांत जास्त पगारही त्यालाच दिला. आता बेरीज मर्यादेबाहेर गेली होती. संध्याकाळी सहापर्यंत ती खाली आली नाही, तर संघ स्पर्धेतून बाद होणार होता.

मर्विनने मित्राला, ॲश्टनला फोन लावला. त्याचाही संघ होता.

"यार, फिलिपला ठेवणं परवडत नाय. वय झालं, जागचा हलत नाय आणि पगार सगळ्यांत जास्त."

"मग सोड ना त्याला!" स्पीकरवरून ॲश्टन ओरडला.

"सोडतोच. सहाच्या आत. कोणी घेतला तर घेतला, नायतर फुकट देतो."

आत फिलिप कोळंबी सोलत बसला होता. सोललेली कोळंबी त्याच्या हातातच राहिली.

त्याला दोष देऊ नका. या घरात त्याला खरोखरच पगार होता. चौतीस वर्षं कारखान्यात हजेरी लिहिणारा टाइमकीपर म्हणून काढल्यामुळे सही केल्याशिवाय पैसे घेणं त्याला जमत नसे. म्हणून दर एक तारखेला मर्विन त्याच्या हातावर खर्चाचे तीन हजार ठेवायचा आणि म्हातारा वहीत सही करायचा. सगळे त्याला 'पप्पांचा पगार' म्हणायचे.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी घरातून काढलं जाण्याची वेळ आली, तरी फिलिप रडत बसला नाही. 'जागचा हलत नाय' हे मात्र त्याला फार लागलं होतं. त्याने मर्विनची स्कूटर धुतली. मग पाण्याची टाकी साफ करायला शिडी लावली. जोसेफीनने हाताला धरून त्याला खाली उतरवलं. जेवताना तिने कोळंबीचं कालवण पुढे केलं, तर त्याने ताटावर हात आडवा धरला.

"भात पुरे मला. आणि आजपासून माझा पेग बंद."

सासऱ्याने पेग सोडणं म्हणजे शेवटच्या प्रार्थनेला फादरनाच बोलवायची वेळ. जोसेफीनने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि साडेचारला न राहवून बोरिवलीला आयव्ही आंटीला, म्हणजे फिलिपच्या धाकट्या बहिणीला फोन केला. आंटी आधीच रिक्षात बसली होती.

"त्याचा मला फोन आला. बोलतो, आयव्ही, एक खाट टाकायला जागा हाय का, मी जास्त खात नाय. काय चाललंय काय तुमच्या घरात?"

साडेपाचला रिक्षा दारात थांबली.

"मर्विन! बापाला फुकट देतो? कोणाला देतो रे? दे, मी नेते!"

तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घालून फिलिप बाहेर आला. हातात पगाराची वही होती.

"मर्विन, तीन हजार नको. हजार दे. कमी पगारात राहीन मी. गुडघे गेलेत, पण भाजी आणीन. ही बघ, सहीपण केली."

मर्विनच्या डोक्यात उजेड पडला. "पप्पा, अरे, तो फिलिप मोबाइलमधला! तुला कोण काढणार या घरातून? तू आहेस म्हणून हे घर आहे!" असं म्हणून त्याने म्हाताऱ्याला घट्ट मिठी मारली. आंटी डोळे पुसत कोळंबीचं कालवण शोधायला आत गेली.

फिलिपने चष्मा लावून मोबाइल पाहिला.

"गोलात मी?"

"हो."

"आणि सगळ्यांत जास्त पगार मला?"

"हो."

"आणि काढत होतास मलाच!"

मर्विनने घड्याळाकडे बघितलं. सहाला दहा मिनिटं होती.

"दे इकडे. चौतीस वर्षं माणसांची हजेरी बघितलीय मी."

सहाच्या ठोक्याला संघ वाचला. फिलिपने दोनदा कालवण घेतलं, पेगही घेतला. मर्विनने मोबाइल उघडला. गोलात फिलिप होता, पगार तोच. जोसेफीनला तर वाढ मिळाली होती. सेंटर फॉरवर्डची जागा मात्र रिकामी होती.

"पप्पा, मर्विन कुठाय?"

"सोडला. बारा सामन्यांत एक गोल नाय."

"कोणाला दिला?"

"ॲश्टनला फुकट देत होतो. त्यानेपण नाय घेतला."

फिलिपने ग्लास बाजूला ठेवला आणि वही उघडून पेन मर्विनपुढे सरकवलं.

"कमी पगारात राहणार असशील, तर इथे सही कर."

मर्विनने सही केली.