एक्केचाळिसाव्या वर्षी पदार्पण

माणसं येतात नि जातात, फलक मात्र राहतो. आमच्या हार्लथ्वेट रग्बी लीग क्लबचा सगळा मोठेपणा बारच्या भिंतीवरच्या ओकच्या फलकावर आहे. क्लबकडून पहिला अधिकृत सामना खेळला की खेळाडूला एक क्रमांक मिळतो, आणि तो नावासकट तिथे सोनेरी अक्षरांत रंगवला जातो. क्रमांक ४१२ हे गृहस्थ १९३१ साली चार मिनिटं खेळले, पडलेला दात शोधायला मैदानाबाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांचं नाव आहे. (मैदान राखणाऱ्या सगडनच्या डचेस या कुत्रीने पाहुण्यांचा एक गडी ऐन गोलरेषेवर धरला होता. तिची पितळी पाटी वेगळी.)

हे टिपण ज्यांच्याविषयी आहे, त्या सदर खेळाडू आमच्याकडून बावीस वर्षं खेळल्या. सामने २१४, ट्राय (म्हणजे गोलरेषेपार चेंडू टेकवणं) ९७, मोडलेली हाडं ११ (बोटं धरलेली नाहीत). एरवी त्या बस चालवत, आणि रविवारी दुपारी समोरच्या बायांना कमरेत धरून चिखलात पाडत. पाडून झालं की हात देऊन उठवत, "लागलं नाही ना गं?" असं विचारत, आणि पुन्हा पाडत. त्यांनी जिंकलेले सहा चषक बारमध्येच असतात. मोठ्यात आम्ही बाटल्यांची बुचं ठेवतो, तेव्हा कदर नाही असं कुणी म्हणू नये.

फलकावर मात्र त्या नव्हत्या. कारण अगदी सरळ आहे. ज्या सामन्याच्या यादीवर क्लबच्या चिटणिसाची सही असते, तोच अधिकृत सामना. चिटणीस मी. रविवारी दुपारी मी जेवून झोपतो.

दर वर्षी त्यांचा अर्ज येई आणि दर वर्षी तो योग्य त्या फायलीत जाई. एकदा त्या स्वतःच समितीच्या बैठकीत येऊन उभ्या राहिल्या.

"ओल्डरॉइडकाका," त्या आमच्या अध्यक्षांना म्हणाल्या, "माझे आजोबा त्या फलकावर आहेत, बाबा आहेत. मीच काय तुमचं घोडं मारलंय?"

"तसं नाही गं पोरी," ओल्डरॉइड म्हणाले. "विषय विचाराधीन आहे."

मला थोडी लाज वाटली, पण इतिवृत्तात तिची नोंद नाही.

यंदा वरच्या मंडळाचं फर्मान आलं: महिला संघ नसेल, तर मान्यता रद्द. समितीने आठवडाभरात स्त्रियांच्या खेळाचा शोध लावला आणि 'इतिहासात प्रथमच' अशी पत्रकं वाटली. गुडघ्यापायी सदर खेळाडू तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांना ऐतिहासिक सामन्याचं खास निमंत्रण गेलं. खिम्याचे पॅटिस आणि घोटलेले वाटाणे वाढायला.

सामन्याच्या सकाळी तेरांपैकी एक मुलगी तापाने आडवी झाली. बारा जणींचा सामना मंडळ अधिकृत धरत नाही. सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या.

"खेळतेस का गं पोरी?" ओल्डरॉइडनी विचारलं.

"क्रमांक देणार?"

"देणार."

"फलकावर?"

"फलकावर."

"मग हे वाटाणे ढवळा. खाली लागले तर बघा," त्या म्हणाल्या आणि डाव अध्यक्षांच्या हातात दिला.

फॉर्म मी भरला. नाव: आर्नीची मुलगी (वडिलांचं नाव फलकावर होतं, आणि घाई होती). पूर्वानुभव: निरंक. नवख्या खेळाडूला गडी पाडण्याचं प्रात्यक्षिक सक्तीचं असतं, आणि ते देण्याचा परवाना फक्त टिली ब्रॉडबेंटकडे होता. टिली एकोणीस वर्षांची. सात वर्षांची असताना तिला हा खेळ सदर खेळाडूंनीच शिकवला होता.

"डोकं बाजूला ठेवायचं, ताई," टिली कशीबशी म्हणाली.

"आणि खांदा?"

"तुम्हीच सांगा ना आता!"

प्रात्यक्षिक समाधानकारक झाल्याचा शेरा मारण्यात आला.

शेवटच्या मिनिटाला त्या हातात चेंडू आणि पाठीवर तिघी घेऊन गोलरेषेपार पडल्या आणि आम्ही जिंकलो. 'नवोदित खेळाडूचं आशादायक पदार्पण,' असं स्थानिक पत्राने छापलं. वाटाणे करपले.

संध्याकाळी रंगाऱ्याने शिडी लावली. बारा जणींची नावं झाली. मग त्याने १६०४ हा क्रमांक रंगवला आणि विचारलं, "नाव?"

समिती एकमेकांची तोंडं बघू लागली. बावीस वर्षं 'पोरी' म्हणूनच भागलं होतं. मी अर्जांची फाइल काढली. बावीसच्या बावीस पाकिटं बंद होती. मी पहिलं फोडेपर्यंत बाईंनी रंगाऱ्याच्या हातून ब्रश घेतला, सुजलेल्या गुडघ्यानिशी शिडी चढल्या आणि आपलं नाव आपणच लिहिलं. अक्षरं थोडी तिरकी आली आहेत.

तुम्ही आम्हाला हसत असाल. हसा. ओल्डरॉइड, सगडन, टिली, इतकंच काय, कुत्रीचंही नाव तुमच्या लक्षात आहे. फॉर्मवर मी काय लिहिलं तेही वाचलंत, आणि पुढे गेलात. बाईंचं नाव काय, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही.

समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करा. तुमचं पाकीट मी नक्की उघडेन.