सुपातला लॅपटॉप

मे महिन्यात दुपारी दोनला जळगावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. त्या वेळी आमच्या समोरच्या घरातून सुकलालनाना बाहेर पडत. दोन्ही हातांत धान्य पाखडायचं सूप, सुपात लॅपटॉप, आणि त्याला ऊन लागू नये म्हणून वर पांढरा गमछा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाळ घेऊन कोणी दवाखान्यात चाललंय. नाना रस्ता ओलांडत आणि आमच्या दाराशी उभं राहून हळूच सांगत, "भलता तापी गया, भाऊ."

तापलेला लॅपटॉप निववायचा म्हणून भर उन्हातून आणायचा, हे मला कधीच पटलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीला उष्णतेचा धडा गेली वीस वर्षं माझ्याकडेच आहे, त्यामुळे या विषयात आपल्याला काही कळतं असा माझा समज होता. नानांनी तो पहिल्याच दिवशी मोडला.

नाना धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये चौतीस वर्षं होते. कापसाच्या गंज्या सांभाळणं हे त्यांचं काम. ओलसर कापूस दाबून राहिला की आतल्या आत तापतो, आणि कधी कधी पेटतोही. नाना खांद्यापर्यंत हात गंजीत घालून सांगत, ही उद्यापर्यंत थांबेल, ही आत्ता फोडा. तोच हात आता लॅपटॉपच्या पोटाखाली जाई. डोळे मिटून, वैद्याने नाडी बघावी तसे ते थांबत. मग निकाल. "वरचं काही खरं नसतं, भाऊ. आतून पहावं लागतं."

उपायही जिनिंगमधलाच. तापलेली गंजी जागेवर ठेवून निवत नाही, ती हलवावी लागते. म्हणून लॅपटॉप आमच्याकडे. सूप का, तर खालून वारा लागतो. मी एकदा विचारलं, की नाना, जागाच बदलायची तर तुमच्या स्वयंपाकघरात का नाही ठेवत? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू पोरगं नापास होणार हे मास्तरांना आधीच कळलेलं आहे.

लॅपटॉप त्यांच्या मुलाचा. पुण्याला नवीन घेतल्यावर त्याने जुना वडलांना दिला. जळगावातलं हे घरही त्यानेच घेतलेलं, आणि वर्षभरात त्याची बदली झाली. धुळ्याची सगळी ओळखीची माणसं सोडून आलेले नाना इथे एकटे उरले. रविवारी मुलाचा फोन, बाकी सहा दिवस लॅपटॉपवर पत्ते. "समोर कोणी नसलं तरी मीच हरतो," असं ते माझ्या बायकोला कौतुकाने सांगत.

निवायला तास लागे. लॅपटॉप टीपॉयवर, नाना खुर्चीवर, चहा हातात, आणि जिनिंगच्या गोष्टी. बोदवडहून आलेल्या गाड्यांतला कापूस कसा ओला निघाला, मुकादमाशी भांडून त्यांनी तो कसा बाजूला काढला. बायको भाजी निवडत हुंकार देई. मी डोळे उघडे ठेवायची पराकाष्ठा करी, कारण ती माझी झोपेची वेळ. सुट्टीतली दुपारची झोप हा मास्तरकीचा एकमेव खरा लाभ आहे, आणि तो एका लॅपटॉपने हिरावून घेतला होता.

शेवटी एक दिवस मी परोपकाराचा आव आणून लॅपटॉप स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो उघडला. आतल्या पंख्यावर कापसाच्या वातीसारखा मऊ थर बसलेला. गादीवर, गोधडीवर ठेवून वापरतात का, त्याने विचारलं. मग सगळं साफ केलं, आत नवं मलम लावलं, आणि म्हणाला, टेबलावर ठेवायला सांगा, आता तापणार नाही.

संध्याकाळी मी विजयी मुद्रेने तो नानांना परत केला आणि आठवीचा अख्खा धडा ऐकवला. हवा कशी आत जाते, कशी बाहेर पडते, वाट अडली की काय होतं. नानांनी हुशार विद्यार्थ्यासारखं ऐकलं. पोटाखाली हात घालून पाहिला. "गार शे," म्हणाले. मग, "चांगलं झालं."

दुसऱ्या दिवशी मी असा झोपलो की उठवायला बायकोला मला दोनदा हलवावं लागलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दोनला जाग आली ती आलीच.

"नाना दिसले नाहीत चार दिवसांत," बायको म्हणाली.

मी अभिमानाने म्हणालो, की कसे दिसतील, लॅपटॉप तापतच नाही आता.

तिने भाजी बाजूला ठेवली. "तेच तर. आता यायचं तरी काय सांगून त्यांनी?"

मी कपाटातून शाळेचा लॅपटॉप काढला. सुट्टी लागल्यापासून तो बॅगेतच होता. डोक्याला रुमाल गुंडाळून रस्ता ओलांडला. ऊन असं, की त्या चाळीस पावलांत नानांबद्दल माझा आदर दुप्पट झाला.

दार नानांनीच उघडलं. घामाने बनियन अंगाला चिकटलेलं. टेबलावर लॅपटॉप आवाज न करता चालू, पडद्यावर अर्धा डाव. कोपऱ्यातला कूलर बंद होता. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. "एकट्याला काय लावायचा," असं काहीतरी पुटपुटले.

"नाना," मी म्हणालो, "माझापण तापायला लागलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे. तिची चेन बंद, वर महिन्याभराची धूळ. मला वाटलं, आता हसतील.

ते मोरीत गेले, बादली भरून आणली आणि कूलरमध्ये पाणी ओतू लागले. एक बादली, मग दुसरी. बटण दाबलं. पंखा खडखडला, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. मग त्यांनी भिंतीकडची खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली, तिच्यावरचे कपडे उचलले आणि जागा झटकली.

"बसा, भाऊ," नाना म्हणाले. "लवकर नही निवाव तो."

मी बसलो. बॅग मांडीवरच होती. ती उघडायला त्यांनी सांगितलं नाही, मीही उघडली नाही.