दामिनीचं ‘हं’

भर दुपारी कूलरसमोर झोपलेल्या माणसाला कुठलाही प्रश्न विचारू नये. दुर्गेशमामानं फोन करून विचारला.

दामिनी तेव्हा टेकडीवर होती. म्हणजे होती नागपुरातच, खाटेवर, ओल्या वाळ्याच्या वासात. पण मिटल्या पापण्यांआड टेकडी होती, एक डेरेदार झाड होतं आणि झाडाखाली गोल करून बसलेली दहा-बारा पोरं. शिकवणाऱ्या बाई विचारत होत्या, "तारा विझला तरी त्याचा उजेड येत राहतो. पटतं?"

"हं," दामिनी म्हणाली.

फोनवर मामानं विचारलं होतं, "युनिव्हर्सिटीच फायनल ना वं?"

बारावीनंतर तिला दोन दारं उघडली होती. पहिलं, दोन तासांवरचं विद्यापीठ; ना फार मोठं, ना लहान, शनिवारी बसनं घरी येता येईल असं. दुसरं, घाटापलीकडच्या टेकडीवरचं लिबरल आर्ट्स कॉलेज. तिथं आधी तारे, इतिहास, नाटक असं सगळं शिकून बघायचं आणि मग आपला विषय धरायचा. उद्या संध्याकाळपर्यंत एकाला ‘हो’ कळवायचं होतं.

मामाचं बॅनर छापायचं दुकान. दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धविहारासमोरच्या चौकात बॅनर झळकला: विद्यापीठात निवड झाल्याबद्दल कु. दामिनीचं अभिनंदन. मागं इमारत कुठल्यातरी परदेशी राजवाड्याची. दामिनीचा फोटो सातवीतला, तोही कोपऱ्यात. बाकी जागेत शुभेच्छुक अकरा जण, गॉगल लावून. आपल्याकडं पोरीनं काय शिकायचं हे पोरीला विचारत नाहीत. चौकात बॅनर लागला की ठरलं.

"आई, म्या हो म्हटलंच नाही," दामिनी डोळे चोळत म्हणाली.

"मग फोनवर कोन बोललं?" मायानं विचारलं.

"मी झोपेत बाईंशी बोलून राहिली होती."

"कोनत्या बाई?"

"अजून भेटल्या नाही."

मायानं कपाळाला हात लावला. "आता बदलवलं त त्या अकरा जणायले काय सांगाचं? पोट्टी झोपीत होती म्हनून?"

तेवढ्यात बाबनराव आले. वस्तीतले पुढारी. बॅनरवर त्यांचा फोटो पाचवा लागला होता, केस कापणाऱ्या मुकुंदच्याही खाली.

"वहिनी, पोरीचं ते दुसरं कॉलेज कोनतं?"

"काहून जी?"

"सहज."

दुपारपर्यंत चौकात दुसरा बॅनर चढला. टेकडीवरच्या कॉलेजात निवड झाल्याबद्दल दामिनीचं अभिनंदन. शुभेच्छुक एकच. बाबनरावांचा चेहरा एवढा मोठा, की टेकडीच दिसेना.

मग घरी रांग लागली. एक जण विद्यापीठाचा पेढा खाऊन गेला आणि चौकात दुसरा बॅनर वाचून कॉलेजचा पेढा खायला परत आला. कुणी विचारलं, "संघपालले दोन पोरी हायेत काय?" मामा आणि बाबनराव दारातच जुंपले. कुणाचा आधी लागला, कुणाचा उंच लागला. दामिनी आत कूलरसमोर बसून राहिली. डोळे मिटले तरी आता टेकडी येत नव्हती. गॉगलच येत होते.

दामिनीचा बाप संघपाल हिंगण्याहून शिफ्ट संपवून कंपनीच्या बसनं चौकात उतरला. मान वर करून त्यानं दोन्ही बॅनर शांतपणे वाचले. घरी आला, भांडणाऱ्यांच्या मधून वाट काढत खाटेवर लेकीशेजारी टेकला.

"तुले काय पाह्यजे?"

दोन दिवसांत हे कुणी पहिल्यांदा विचारलं होतं.

"टेकडीवरचं. तिथं झाडाखाली गोल बसवते, बाबा. एकानं एक म्हनाचं, दुसऱ्यानं ते खोडाचं."

"म्हंजे भांडाचं."

"हो."

"भांडाची डिग्री देते?"

"तीच देते."

संघपालनं दारातल्या आरडाओरड्याकडं मान वळवली. "शिकून भांडनं बरं," तो म्हणाला. "दूर लय हाय पन."

"हो."

तो उठला, शेजारची शिडी घेतली आणि चौकात जाऊन मामाचा बॅनर उतरवून आणला. खिडकीबाहेरच्या कूलरवर तो ताणून बांधला, छापलेली बाजू आत.

"भाऊजी, इज्जत काढली तुमी आमची," मामा म्हणाला.

"कूलरवर ऊन येऊन राहिलं होतं."

बाबनराव मिशीत हसले. संघपालनं शिडी पुन्हा खांद्यावर घेतली. "तुमचाबी आनतो. गच्चीवरची टाकी तापते."

घर रिकामं झालं. दामिनीनं मोबाईलवर टेकडीच्या कॉलेजला ‘हो’ कळवलं आणि खाटेवर आडवी झाली. खिडकीतून बॅनरची आतली बाजू दिसत होती. बाबांनी घाईत उलटा बांधला होता. अकराही शुभेच्छुक डोकं खाली करून लोंबत होते. शेवटचा चेहरा ओळखीचा वाटला म्हणून ती उठून बसली.

"बाबा, हे त तुमी."

"हो," संघपाल चहाच्या कपात बघत म्हणाला. "म्याच देल्ता दुर्गेशले फोटो. शनिवारी येशील म्हनून."

दामिनी पुन्हा आडवी झाली. वाळ्याचा गार वास खोलीभर पसरला, तिचे डोळे जड झाले, झाडाखाली पोरं पुन्हा गोल बसू लागली. बाहेर कूलर हवा ओढत होता आणि बॅनरवरचा उलटा बाप त्या ओढीनं मान हलवत होता, हळूहळू, हं, हं म्हणत.